धानाचा काटा आणि चेंबरातली सोळा ठिकाणं

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यातल्या बोदलकशाच्या तलावाखालचं आणि आजूबाजूच्या गावांतलं धान आधारभूत खरेदी केंद्रांकडे निघतं. ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, ओलावा तपासला जातो, बारदाना येतो, आणि एकेक कट्टा काट्यावर चढतो. लाल आकडे क्षणभर धावतात, थांबतात, मापारी आकडा मोठ्यानं पुकारतो आणि तो वहीत लिहिला जातो. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे ४० किलोचा एक कट्टा ९४७ रुपये ६० पैशांचा. रोवणीपासून चुरणीपर्यंतची सगळी मेहनत शेवटी त्या लाल आकड्यावर येऊन टेकते.

त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, याचा एक भाग काट्यासमोर उभं राहून कळत नाही. तो ठरतो दूर मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या बंद खोलीत, काट्याचं मॉडेल बाजारात येण्याआधी. संस्थेसाठी काटे विकत घेणारे पदाधिकारी, नागपूर-गोंदियाकडे काटे जुळवून विकणारे छोटे कारखानदार, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकून अशा खोल्यांत नोकरीला जाणारी आपली मुलं, या तिघांना माझं आवाहन आहे: त्या खोलीत काय होतं ते समजून घ्या, आणि त्याबद्दल प्रश्न विचारा. गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण तिच्यातलं गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

आधी काट्याच्या पोटात डोकावू. प्लॅटफॉर्मखाली लोड सेल असतो. वजन पडलं की त्याचा धातू अगदी किंचित वाकतो आणि त्यातून विजेचा एक बारीकसा दाब बाहेर पडतो. साधारण लोड सेल पूर्ण वजनाला पुरवलेल्या दर व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देतो. त्याला ५ व्होल्ट पुरवले तर पूर्ण वजनाला मिळतात फक्त १० मिलिव्होल्ट. ३०० किलोच्या, ५० ग्रॅमच्या भागाच्या काट्यात हे १० मिलिव्होल्ट ६,००० भागांत वाटले जातात. म्हणजे ५० ग्रॅमची किंमत झाली १.७ मायक्रोव्होल्टच्या आत-बाहेर. एवढा नाजूक संकेत एका वायरमधून खांबावरच्या डिस्प्लेपर्यंत येतो, आणि ती वायर आजूबाजूच्या रेडिओ लहरींसाठी अँटेनाच असते. लहरी आत शिरल्या, तिथल्या अ‍ॅम्प्लिफायरनं त्यांचं नकळत एकदिश विजेत रूपांतर केलं, की आकडा सरकतो. काटा बिघडत नाही, काही जळत नाही. लहर गेली की आकडा पुन्हा जागेवर येतो, आणि म्हणूनच ही चूक नंतर कुणाला सापडत नाही.

लहरी कुठून येणार? खिशातल्या फोनमधून. टू-जीचा जुना साधा फोन ९०० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त २ वॉट फेकू शकतो, आजचा फोर-जी फोन साधारण पाव वॉटपेक्षा कमी. जंगलात फिरणाऱ्या वनरक्षकाच्या किंवा पोलिसाच्या हातातला वायरलेस सेट ५ वॉटचा असू शकतो. ढोबळ सूत्रानं २ वॉटच्या फोनपासून एक मीटरवर सात-आठ व्होल्ट प्रति मीटर इतकं विद्युतक्षेत्र तयार होतं, अर्ध्या मीटरवर त्याच्या दुप्पट. ५ वॉटच्या सेटपासून मीटरभरावर बारा. आणि टॉवर जितका दूर, तितकी फोन आपली ताकद वाढवतो. नागझिऱ्याच्या जंगलाला आणि डोंगरांना लागून असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट शहरापेक्षा जास्त लागू पडते.

आता कायद्याकडे. वैध मापन कायदा २००९ चा, आणि तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. निरीक्षक दरवर्षी प्रमाणित वजनं ठेवून इलेक्ट्रॉनिक काटा तपासतो आणि शिक्का मारतो. हा शिक्का महत्त्वाचा आहे, तो नसलेला काटा केंद्रावर येऊच देऊ नका. पण त्या तपासणीत रेडिओ लहरी सोडून बघत नाहीत, बघता येणारही नाहीत. ते काम एकदाच होतं, मॉडेलला मंजुरी घेताना. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची काट्यांसाठी आर ७६ नावाची शिफारस आहे. तिच्या २००६ च्या आवृत्तीत ८० ते २,००० मेगाहर्ट्झपर्यंत १० व्होल्ट प्रति मीटरच्या क्षेत्रात काटा ठेवायचा आणि आकडा एका भागापेक्षा जास्त सरकता कामा नये, किंवा सरकलाच तर काट्यानं ते स्वतः ओळखून आकडा दाखवणं थांबवावं, असं सांगितलं आहे. या चाचणीला रेडिएटेड इम्युनिटी म्हणतात. ती कशी करायची हे आयईसी ६१०००-४-३ या मानकात आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोनं तेच आयएस १४७०० च्या भाग ४, खंड ३ मध्ये घेतलं आहे. वीजमीटर, रुग्णालयातली यंत्रं, पंपाचे कंट्रोलर, सगळ्यांच्या मागे हीच चाचणी उभी असते. १९९० च्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या रेडिओ लहरींनी आपोआप हलत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं खुर्च्या बनवणाऱ्यांना या दिशेनं काम करायला लावलं. तिथं माणूस पडत होता. आपल्याकडे फार तर कट्ट्यामागे शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे होतील. पण ते ज्याचे जातात त्याला विचारा.

‘१० व्होल्ट प्रति मीटरमध्ये पास’ असं रिपोर्टावर वाचलं की आपल्याला वाटतं, काट्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर तेवढं क्षेत्र पडलं. तसं आपोआप होत नाही. चेंबर म्हणजे लोखंडी पत्र्याची बंद खोली. भिंतींवर आणि छतावर फेराइटच्या फरशा आणि फोमचे काळे-निळे सुळके लावलेले असतात, कारण लहर भिंतीवर आपटून परत येऊ नये. तरी थोडी येतेच, जमिनीवरून तर जास्तच. सरळ आलेली आणि आपटून आलेली लहर एके ठिकाणी मिळून जोर वाढवतात, दुसऱ्या ठिकाणी एकमेकींना मारतात. चिखलणी नीट न झालेल्या बांधीसारखं हे आहे: पाट एकच, पाणी एकच, पण कुठं गुडघाभर आणि कुठं उंचवटा कोरडाच. म्हणून काटा आत ठेवण्याआधी रिकाम्या चेंबरात, काटा जिथं ठेवायचा त्याच उभ्या पातळीवर, क्षेत्र मोजून घ्यावं लागतं.

हे मोजमाप जवळून पाहण्यासारखं आहे. दीड मीटर बाय दीड मीटरचा एक उभा चौकोन कल्पायचा, त्याची खालची कड जमिनीपासून ०.८ मीटरवर. त्यात अर्ध्या-अर्ध्या मीटरवर चार ओळी आणि चार रांगा, म्हणजे सोळा ठिकाणं. सगळ्यात खालची ०.८ मीटरवर, सगळ्यात वरची २.३ मीटरवर. समोर शक्यतो तीन मीटरवर अँटेना. लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टँडवर मुठीत मावेल एवढा, क्षेत्र मोजणारा प्रोब. त्याची तार तांब्याची नसते, काचेच्या तंतूची असते, कारण तांब्याची तार स्वतःच क्षेत्र बिघडवील. तंत्रज्ञ प्रोब एका ठिकाणी बसवतो, बाहेर येतो, जड दार लावतो, ८० मेगाहर्ट्झपासून १,००० मेगाहर्ट्झपर्यंत एक-एक टक्क्याच्या पायऱ्यांनी वाचनं घेतो, दार उघडतो, प्रोब अर्धा मीटर सरकवतो आणि पुन्हा दार लावतो. एवढ्या पट्ट्यातच पायऱ्या होतात सुमारे २५४. सोळा ठिकाणं, अँटेना एकदा आडवा आणि एकदा उभा, म्हणजे आठ हजारांवर वाचनं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ग्राहक समोर नसताना होतं. मन लावून ते करणारा तंत्रज्ञ मला फार मोलाचा वाटतो.

मोजायचं क्षेत्र मात्र १० नाही, १८ व्होल्ट प्रति मीटर. चाचणीत लहर सारखी नसते, तिच्यावर १ किलोहर्ट्झचा चढ-उतार ८० टक्क्यांनी बसवलेला असतो, त्यामुळे तिचं शिखर १.८ पट होतं. शिखराला अ‍ॅम्प्लिफायर दमला तर चाचणी खोटी, म्हणून कॅलिब्रेशनच १.८ पट पातळीवर करतात. मग मानकाची अट येते: सोळापैकी निदान बारा ठिकाणी क्षेत्र ठरवलेल्या आकड्याच्या खाली नको आणि दुपटीच्या वर नको. तांत्रिक भाषेत शून्य ते अधिक ६ डेसिबल. १,००० मेगाहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सींपैकी फार तर ३ टक्क्यांवर ही वरची मर्यादा १० डेसिबलपर्यंत ढिली करता येते, तीही रिपोर्टात नोंदवून. खाली जायला सवलत नाही. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला ही बारा ठिकाणं वेगवेगळी असू शकतात.

आता मुख्य प्रश्न, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे. या सोळा वाचनांवरून अँटेनाला किती ताकद द्यायची ते कसं ठरवायचं? मानक दोन वाटा देतं.

पहिली वाट: क्षेत्र कायम ठेवा. प्रत्येक ठिकाणी प्रोबवर १८ दिसेपर्यंत ताकद वाढवा-कमी करा आणि किती ताकद लागली ते लिहा. शेवटी सोळा ताकदी हातात येतात. दुसरी वाट: ताकद कायम ठेवा. एका ठिकाणी हवं ते क्षेत्र मिळवणारी ताकद ठरवा, तीच सगळ्या ठिकाणी सोडा, आणि कुठं किती क्षेत्र पडलं ते लिहा. शेवटी सोळा क्षेत्रं हातात येतात.

समजा एका फ्रिक्वेन्सीला १०० वॉट सोडून चढत्या क्रमानं ही क्षेत्रं आली: ९, ११, १४, १५, १६, १७, १८, १८, १९, २०, २१, २२, २३, २५, २६, ३१. सगळ्यात लहान ९ घेऊन बघा. त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे १८ पर्यंत, आठच ठिकाणं बसतात, बारा हवीत. ९ सोडा, ११ घ्या. २२ पर्यंत अकरा बसतात, एक कमी. ११ ही सोडा, १४ घ्या. २८ पर्यंत तेरा बसली. झालं. या फ्रिक्वेन्सीला आधार १४ चा. आता १४ चे १८ करायचे तर क्षेत्र १.२९ पट, आणि ताकद त्याच्या वर्गानं, म्हणजे १०० वॉटऐवजी सुमारे १६५ वॉट. चाचणीत हीच ताकद १.८ च्या हिशेबानं उतरवून वापरतात.

हेच पहिल्या वाटेनं केलं असतं तर? ९ वाल्या ठिकाणी १८ मिळवायला ४०० वॉट लागले असते, ११ वाल्या ठिकाणी २६८, १४ वाल्या ठिकाणी १६५, आणि ३१ वाल्या ठिकाणी चौतीसेक वॉट. वरून खाली तपासत गेलं की ४०० आणि २६८ गळतात आणि उत्तर पुन्हा १६५ च येतं. दोन्ही वाटा एकाच घरी पोचतात. मानकही दोन्हींना समान मानतं.

मग निवड कशाची करायची? अ‍ॅम्प्लिफायरचं आणि प्रोबचं बळ पाहून. वरच्या उदाहरणात पहिल्या वाटेनं जाताना यंत्राला ४०० वॉटपर्यंत ढकलावं लागलं, आणि ते कशासाठी, तर शेवटी टाकूनच द्यायच्या एका ठिकाणासाठी. लॅबकडे अ‍ॅम्प्लिफायर २५० वॉटचाच असेल तर तिथं गाडी अडते, तंत्रज्ञ तासन्‌तास तिथंच घुटमळतो. दुसऱ्या वाटेला हा त्रास नाही. शिवाय एका वेळी चार प्रोब लावून चार ठिकाणं मोजता येतात, कारण ताकद सगळ्यांना एकच असते. पहिल्या वाटेनं प्रत्येक ठिकाणाला वेगळी ताकद हवी, तिथं चार प्रोब असून उपयोग होत नाही.

उलट बाजूही पाहा. पहिल्या वाटेत प्रोब कायम १८ च वाचतो. त्याचं स्वतःचं कॅलिब्रेशन १८ च्या जवळ नीट झालं असेल तर पुरे. दुसऱ्या वाटेत तोच प्रोब ९ पासून ३१ पर्यंत सगळं वाचतो, म्हणजे त्या सगळ्या पट्ट्यात तो खरा बोलतो याचा दाखला हवा. प्रोबच्या सर्टिफिकेटवर एकाच पातळीचा आकडा असेल आणि लॅब दुसरी वाट वापरत असेल, तर तिच्या सोळाही वाचनांवर शंका घ्यायला जागा आहे. आणखी एक: दुसऱ्या वाटेत १६५ वॉट हा आकडा कागदावर काढलेला असतो, अ‍ॅम्प्लिफायर तिथं खरोखर सरळ चालतो का हे वेगळं तपासावं लागतं. मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत याची सोपी परीक्षा आहे. कॅलिब्रेशनच्या पूर्ण ताकदीला चालवा, मग चालना ५.१ डेसिबलनं कमी करा. बाहेर पडणारी ताकद निदान ३.१ डेसिबलनं उतरली तर यंत्र ठीक. त्याहून कमी उतरली तर ते दमलेलं आहे, शिखराला दाबून बसतं आहे. ही परीक्षा दोन्ही वाटांना लागू आहे, पण दुसऱ्या वाटेत ती विसरली जाण्याचा धोका जास्त.

माझं मत विचाराल तर लहान आणि मध्यम लॅबनं दुसरी, म्हणजे कायम ताकदीची वाट धरावी, आणि प्रोबचा पट्टाभर दाखला व अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा या दोन गोष्टी तिच्याशी बांधून टाकाव्यात. वेळ वाचतो, यंत्र जपलं जातं, आणि एक फार मोठा फायदा होतो तो म्हणजे सोळा ठिकाणांचा नकाशा थेट क्षेत्रात हातात येतो. कोणता कोपरा दुबळा आहे ते सरळ दिसतं. ताकदीच्या आकड्यांतूनही ते काढता येतं, पण बघायचं कुणी मनावर घेत नाही. प्रोबचा दाखला एकाच पातळीचा असेल आणि तो नव्यानं करून घ्यायला पैसा नसेल, तर मात्र पहिली वाटच बरी. हळू चालेल, पण खोटं बोलणार नाही.

दोन्ही वाटा चुकवणारी तिसरी एक पळवाट आहे, तिच्यापासून सावध राहा. मधल्या एका ठिकाणी प्रोब ठेवायचा, तिथं १८ आणायचे आणि पुढं जायचं. वरच्या उदाहरणात मधल्या ठिकाणी २० असतील तर ताकद ८१ वॉटवर येते. मग १४ वालं ठिकाण पडतं १२.६ वर, म्हणजे चाचणीच्या हिशेबानं १० ऐवजी ७ व्होल्ट प्रति मीटर. ९ वालं ठिकाण तर साडेचारवर. रिपोर्टावर मात्र १० च लिहिलं जाणार. काट्याचा डिस्प्ले किंवा लोड सेलची वायर नेमकी त्या दुबळ्या ठिकाणी आली की काटा आरामात पास. कारखानदाराला वाटतं सुटलो. तो सुटलेला नसतो. त्याची परीक्षा आता तिरोड्याच्या केंद्रावर, वायरलेस घेऊन उभ्या असलेल्या शिपायासमोर होणार असते.

काही जण चाचणी चालू असताना काट्याच्या पुढ्यातच प्रोब ठेवून क्षेत्र नियंत्रित करावं असं सुचवतात. लष्करी सामानाच्या चाचण्यांत ती पद्धत आहे आणि तिथं तिची कारणं आहेत. आपल्या कामाला ती चालत नाही. लोखंडी प्लॅटफॉर्मवरून लहर परत फिरते आणि प्रोबजवळ उभी राहते. प्रोब नेमका शांत जागी आला तर यंत्रणा ताकद वाढवत सुटते, जोराच्या जागी आला तर उगाच कमी करते. आयईसीच्या मानकात म्हणून कॅलिब्रेशन रिकाम्या चेंबरातच करायचं, ताकद लिहून ठेवायची, आणि वस्तू आत ठेवल्यावर तीच ताकद जशीच्या तशी सोडायची. वस्तूमुळे क्षेत्र बिघडलं तर बिघडू द्यायचं. खऱ्या जगातही फोन काट्याकडे बघून आपली ताकद बदलत नाही.

महाराष्ट्रात हे काम नीट करणाऱ्या संस्था आहेत. पवईच्या आयआयटीच्या आवारातली ‘समीर’ ही संस्था १९८४ पासूनची, तिचं नवी मुंबईत खारघरलाही केंद्र आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत केंद्र सरकारची ईआरटीएल (पश्चिम) आहे. पुण्यात गाड्यांच्या चाचण्यांसाठी १९६६ पासून उभी असलेली एआरएआय आहे. तिथं गाड्यांसाठी वेगळी मानकं लागतात, पण आधी क्षेत्र मोजून घ्या आणि मग वस्तू ठेवा ही शिस्त तीच. खासगी लॅबही बऱ्याच झाल्या आहेत. लॅब निवडताना तिला एनएबीएलची अधिस्वीकृती आहे का एवढंच विचारून थांबू नका. त्या अधिस्वीकृतीच्या यादीत हे मानक, ही फ्रिक्वेन्सी आणि ही पातळी आहे का ते बघा. यादी सगळ्यांना बघता येते.

गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसनं काटा घेऊन मुंबईला जाणाऱ्या माणसाचं भाडं, मुक्काम आणि चेंबरचं तासाचं बिल सगळं लक्षात घेऊन सांगतो: निघण्याआधी एक फोन करा. क्षेत्राचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, हे विचारा. ते वर्षातून एकदा आणि चेंबरात काही बदललं की पुन्हा व्हायला हवं. सुळके हलवले, अँटेना बदलला, जमिनीवरचा फोम दुसरीकडे ठेवला, तर जुनं कॅलिब्रेशन संपलं. कोणत्या वाटेनं केलं, हे विचारा. उत्तर कोणतंही असो, ‘सॉफ्टवेअर करतं’ हे उत्तर नको. सॉफ्टवेअरमध्ये ती निवड कुणीतरी माणसानंच केलेली असते. किती फ्रिक्वेन्सींवर १० डेसिबलची सवलत घेतली, आणि त्या कोणत्या, हेही विचारा. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास सवलत असेल तर तुमच्या कामाची गोष्ट आहे, कारण तिथं फोन बोलतात.

वस्तू लहान असेल, म्हणजे नुसता डिस्प्ले आणि छोटा प्लॅटफॉर्म, तर दीड मीटरऐवजी अर्ध्या मीटरचा चौकोनही चालतो. पण मग चार कोपऱ्यांची चारही ठिकाणं अटीत बसावी लागतात, तिथं पंचवीस टक्के सोडायची सोय नाही. खांबावर डिस्प्ले असलेला धानाचा काटा या लहान चौकोनात मावत नाही. तो मावतो असं कुणी म्हणालं तर वायर किती लांब क्षेत्रात राहणार आहे ते विचारा. वायर गुंडाळून मागे लपवली की काटा हमखास पास होतो, आणि केंद्रावर ती वायर कुणी गुंडाळून ठेवत नाही. चारही बाजू, आणि अँटेना उभा-आडवा, हे सगळं झालं का, हे रिपोर्टातल्या फोटोंवरून दिसतं. फोटो मागा. चांगली लॅब ते न मागता देते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एवढंच सांगतो की काटे विकत घेताना दरपत्रकासोबत मॉडेल मंजुरीच्या प्रमाणपत्राची आणि या चाचणीच्या रिपोर्टाची प्रत मागा. सगळं कळायला हवं असं नाही. गावातली, जिल्ह्यातली एखादी इंजिनिअरिंगची मुलगी किंवा मुलगा तासाभरात वाचून सांगेल, आणि त्यांच्यासाठीही ते शिक्षण आहे. दोन-तीन संस्थांनी सलग मागितलं की विक्रेते स्वतःहून जोडायला लागतात.

शेतकऱ्यांना मात्र एक विनंती आहे. काट्याचा आकडा उडाला की लगेच कुणावर आरोप करू नका. बहुतेक वेळा कारण साधं असतं: प्लॅटफॉर्मला बाजूचा कट्टा टेकलेला असतो, खाली जमीन उंच-सखल असते, बॅटरी उतरलेली असते, वारा असतो. आधी ते बघा. मग डिस्प्लेपासून फोन आणि वायरलेस दोन-तीन मीटर दूर ठेवायला सांगा. हे केंद्रानं पाटीवर लिहूनच ठेवावं, खर्च काही नाही. तरीही शंका राहिली तर काट्यावर ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असं प्रमाणित वजन ठेवा, आणि कुणी डिस्प्लेजवळ उभं राहून फोन लावला की आकडा हलतो का ते चार माणसांसमोर बघा. हलला तर वेळ, काट्याचा नंबर, किती हलला, सगळं लिहून वैध मापन निरीक्षकाकडे द्या. असा कागद आला तर त्याला पुढं पाठपुरावा करता येतो. नुसत्या ओरड्यावर करता येत नाही.

चेंबरात नोकरीला गेलेल्या किंवा जाणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. सोळावं ठिकाण मोजताना रात्र झालेली असते, आणि मागच्या वर्षीची फाइल संगणकात तयारच असते. ती उघडून तारीख बदलणं कुणाला दिसत नाही. तुमच्या हातातला प्रोब अर्धा मीटर सरकवायचं राहिलं तर त्याची किंमत ज्याला मोजावी लागते तो माणूस त्या इमारतीत कधीच येणार नाही.

आणि कारखानदारांना शेवटचं एक. रिपोर्ट ज्या काट्याचा, माल त्याच काट्याचा विका. मंजुरीनंतर लोड सेलची झाकलेली वायर बदलून स्वस्तातली साधी वायर लावली, डिस्प्लेच्या पेटीतली फेराइटची कडी काढली, धातूच्या पेटीऐवजी प्लास्टिकची घेतली, की तो रिपोर्ट त्या यंत्राचा उरत नाही. बदल करायचाच असेल तर बदललेला नमुना पुन्हा चेंबरात घेऊन जा. सगळ्या फ्रिक्वेन्सी नको, आधीच्या रिपोर्टात काटा जिथं काठावर पास झाला होता त्या पट्ट्यांपासून सुरुवात करा. तिथं तो ढळला तर बाकीची चाचणी करायच्या आतच तुम्हाला उत्तर मिळालेलं असेल, आणि वायरचा जुना पुरवठादार अजून माल देतो आहे का, हे विचारायला वेळही असेल.